आधी टाकी, मग पॅनेल

या महिन्याच्या टपालात शेतातल्या घराबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. कुणी पुण्याहून कायमचं परत यायच्या तयारीत आहे, कुणी गावातलं घर भावाला देऊन वस्तीवर राहायला निघालंय. इच्छा सगळ्यांची एकच: वीज, पाणी, गॅस यांपैकी कशासाठीही कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये. मी कळंब तालुक्यात शेतातच राहते, आणि आयुष्यभर गवंड्यांबरोबर घरं बांधायचंच काम केलं, त्यामुळे ही पत्रं वाचताना मी माझ्याच घरातून फिरून येते. काही पत्रं जागेअभावी आटोपशीर करून दिली आहेत.

ताई, मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. गावाशेजारी दोन एकर उताराचं रान आहे, तिथे हजार चौरस फुटांचं स्लॅबचं घर बांधतोय. घरात आम्ही पाच माणसं. रानापर्यंत खांबच आलेले नाहीत, तेव्हा लाइटचं कनेक्शन घ्यायचंच नाही असं ठरवलंय. पाच किलोवॅटची पॅनेलं आणि लिथियमची बॅटरी यांतच निम्मा पैसा जातोय. पाण्यासाठी बोअर घेतलं, पाचशे फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला. आणखी खोल जावं का?
– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

गुरुजी, बोअर आणखी खोल नेऊ नका. पॅनेलचं अंदाजपत्रकही तूर्त बाजूला ठेवा. आपल्याकडे घर स्वतःच्या पायावर उभं राहतं ते पाण्याच्या जोरावर. लाइट गेली तर माणूस बॅटरीच्या उजेडात रात्र काढतो. पाणी संपलं की दुसऱ्याच दिवशी टँकरवाल्याला फोन लावावा लागतो, मग छपरावर कितीही पॅनेलं असोत.

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. पाचशे फुटांत असा पाणी धरणारा सांधा लागला नाही, तर आणखी दोनशे फुटांत लागेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही, पाणाड्याही नाही आणि गाडीवालाही नाही. शिवाय काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात आणि हाडं धरतात.

आता तुमच्या स्लॅबकडे बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छप्पर ९३ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर होतात ६५,००० लिटर. उडून जाणारं, मुरणारं, सुरुवातीला सोडून द्यायचं, हे सगळं वजा करून ५२,००० लिटर हाती येतं. पाऊस निम्माच झाला असं समजा, तरी २६,०००. तुम्हा पाच माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज ५० लिटर लागेल. दसऱ्यापासून मृगापर्यंतचे आठ महिने, म्हणजे २४० दिवस, धरले तर १२,००० लिटर. म्हणजे दुष्काळी वर्षातसुद्धा तुमच्या घराचं पिण्याचं पाणी तुमच्याच छपरावर पडतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात हा हिशोब मी भेटेल त्याला मांडून दाखवत होते.

तेव्हा १५,००० लिटरची टाकी बांधा. आतून दहा फूट लांब, नऊ फूट रुंद आणि सहा फूट पाणी उभं राहील इतकी खोल. पाऊस आपल्याकडे चार महिने रिमझिमत नाही, मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये महिना महिना दडी मारतो, म्हणून लहान टाकी कामाची नाही. टाकीला उजेड लागला की शेवाळ धरतं, तेव्हा झाकण घट्ट हवं आणि हवेच्या नळीला डास जाणार नाही अशी बारीक जाळी.

एका गोष्टीवर गवंडी हमखास टाळाटाळ करतात, तिथे हट्ट धरा. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाता कामा नये. उन्हाळाभर छपरावर धूळ, पाखरांची घाण, लिंबाचा पाला साठलेला असतो. छपराचं पाणी आणणाऱ्या पाइपाला टाकीच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवायचा आणि त्याखाली दोनशे लिटरचा निळा ड्रम घट्ट जोडायचा. आधी ड्रम भरतो, तो तुडुंब झाला की पाणी आपोआप टाकीकडे वळतं. ड्रमच्या तळाला तोटी बसवून ती इतकीच सैल ठेवायची की थेंब थेंब गळत ड्रम पुढच्या पावसाआधी रिकामा होईल. ती पूर्ण आवळून ठेवली तर दुसऱ्या पावसाची घाण सरळ टाकीत जाते. रोहिण्या लागल्या की छप्पर झाडून धुऊन घ्यायचं आणि गच्चीवर धान्य वाळवणं बंद करायचं. पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्यायचं, आणि एकदा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. माझ्या स्वयंपाकघरात दोन नळ आहेत, एक छपराच्या पाण्याचा आणि एक विहिरीच्या. पाहुणा आला की आधी कोणतं पाणी कोणत्या नळाला ते सांगते, नाहीतर लोक पिण्याच्या पाण्यानं हात धुतात आणि माझा जीव वरखाली होतो.

टाकी भरून वाहिलेलं पाणी जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून त्या कोरड्या बोअरच्या भोवती जिरवा. वापरायच्या पाण्यासाठी उताराच्या खालच्या अंगाला, मुरूम जिथे खोलवर आहे तिथे, साधी विहीर किंवा शेततळं बघा. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून पपई-केळीला द्या.

तुमचं रान उताराचं आहे हे मात्र भाग्यच. वापरायच्या पाण्याची टाकी वरच्या अंगाला घ्या, म्हणजे दिवसा ऊन असताना एकदा पंप चालवून ती भरली की पुढे सगळं पाणी आपल्या वजनानं घरात येईल. छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहर बांधून डोंगराकडचं पाणी शहरात आणलं, ते निव्वळ उतारावर. पाणचक्कीचं जातंसुद्धा नहरेच्या पाण्याच्या जोरावर फिरलं. पाणी उतारानं आलं की तेवढी बॅटरी कमी लागते.

आता वीज. नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास लावले तर पाव युनिटाच्या थोडं वर जातं. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. तीन पंखे बारा तास फिरले तर साध्यांना पावणेतीन युनिटं लागतात आणि बीएलडीसींना एक. फ्रिजला एक धरा, टीव्ही-मोबाइल-मिक्सरला अर्धं. सगळं मिळून तीन युनिटांच्या आत बसतं. एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिटं देतं. पाच किलोवॅट म्हणजे वीस युनिटं, ती करणार काय? दोन किलोवॅट घ्या, म्हणजे श्रावणातल्या ढगाळ दिवसांतही भागेल. बॅटरी लिथियमचीच पण पाच युनिटांची पुरे, दोन रात्री निघतात. गीझर, इस्त्री आणि एसी या बॅटरीवर चालवायचे नाहीत. अंघोळीला सोलर हीटर किंवा बंब. वाचलेल्या पैशात टाकी होईल.

आम्ही सरकारी अनुदानातून छपरावर तीन किलोवॅटची सोलर बसवली. बिल जवळजवळ शून्य आलं. पण लाइट गेली की आमचंही घर अंधारात, भर दुपारी ऊन डोक्यावर असताना पंखा बंद. बसवणाऱ्याने फसवलं का?
– एक गृहिणी, जालना

नाही बाई, फसवलेलं नाही. त्यानं हे आधी समजावून सांगायला हवं होतं, एवढं खरं. पीएम सूर्यघर योजनेतून (तीन किलोवॅटला ७८,००० रुपये) जी यंत्रणा बसते ती ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइटच्या तारांना, जोडलेली असते. तिचा इन्व्हर्टर बाहेरची लाइट बघून चालतो. बाहेरची गेली की तो मुद्दाम स्वतःला बंद करून घेतो, कारण तो चालू राहिला तर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत जाईल आणि डीपीवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. तो बिचारा लाइट बंद आहे असं समजून खांबावर चढलेला असतो. त्यामुळे या बंद होण्याला कुणी ‘जुगाड’ करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

उपाय दोन. घरात जुना बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर दिवे आणि पंखे त्यावर वेगळे काढून घ्या. दीडशे एएचची एक बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तरी पाऊणएक युनिट देते, त्यात दोन बीएलडीसी पंखे आणि चार दिवे आरामात रात्र काढतात. दुसरा उपाय हायब्रीड इन्व्हर्टरचा, तो ग्रिडलाही जोडलेला असतो आणि बॅटरीलाही. तो महाग आहे, आणि अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीवर नाही. लाइट रोज चार-सहा तास जात असेल तरच त्याच्या वाटेला जा.

आणि हे सगळ्यांनाच सांगते: तार दारापर्यंत आलेली असेल तर ती तोडू नका. दिवसा तुमची जास्तीची वीज त्या तारेतून शेजारच्याच घरात वापरली जाते. स्वयंपूर्ण होण्यासाठी तिला शत्रू मानायची काही गरज नाही. गुरुजींच्या रानापर्यंत खांबच नाहीत, म्हणून त्यांचं गणित वेगळं.

गारपिटीत पॅनेलं फुटतील का? २०१४ ची गारपीट आठवली की हिंमत होत नाही.
– एक शेतकरी, परळी

चांगल्या पॅनेलची काच अडीच सेंटिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याचा मारा सोसते, तशी चाचणी झालेली असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंबाएवढ्या आणि त्याहून मोठ्या गारा पडल्या, तशांची खात्री कुणी देणार नाही. पॅनेलवर तारेची जाळी टाकू नका, सावलीनं वीज बरीच घटते. विमा उतरवा आणि पक्क्या बिलाची प्रत जपून ठेवा.

दोन गायी आणि एक कालवड आहे. गोबरगॅसवर चौघांचा स्वयंपाक होईल का?
– एक वाचक, परभणी

पूर्ण होणार नाही. गोठ्यात बांधलेल्या गायीचं रोजचं शेण दहा किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम २५ किलो, आणि तेवढ्याचा एक घनमीटर गॅस होतो. दोन वेळचा चहा, वरण-भात आणि भाजी निघेल. भाकरीला चूल किंवा सिलिंडर ठेवा. चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा, दीनबंधू पद्धतीचा विटांचा गोबरगॅस घुमट बांधता येतो. हे डिझाइन १९८४ पासून चालत आलंय, त्यात लोखंडी टाकी नसल्यामुळे गंजायची भीती नाही, मात्र घुमटाच्या विटा रचायला सराव झालेलाच गवंडी हवा. रोज शेणाइतकंच पाणी लागतं हे विसरू नका. एप्रिल-मेमध्ये न्हाणीचं पाणी वापरायचं तर त्यात साबण-फिनेल नको, आतले जंतू मरतात आणि गॅस बसतो. बाहेर पडणारी मळी मला गॅसइतकीच मोलाची वाटते, भाजीच्या वाफ्याला तिच्यासारखं खत नाही.

ताई, मला मातीचं घर बांधायचंय. सिमेंटच्या घरात मे महिन्यात राहवत नाही. वडिलांना नुसतं मातीचं नाव काढलं तरी चालत नाही. त्र्याण्णवला त्यांनी आमच्या घरची दोन माणसं ढिगाऱ्यातून काढली. त्यांना कसं समजावू?
– एक तरुण शेतकरी, औसा तालुका

बाळा, आधी वडिलांचं बरोबर आहे असं मनापासून म्हण. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीच्या भूकंपाची पहाट, चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. ज्यानं आपल्या हातानं दगड उपसले त्याला आकडे सांगून समजावता येत नाही. त्यांच्या शेजारी बसून ती घरं का पडली ते त्यांच्याचकडून ऐक. जुन्या गवंड्यांना आणि तुझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांना ते बरोबर ठाऊक असतं.

भिंती दोन-तीन फूट जाड, काही त्याहूनही जास्त. पण ती एक भिंत नव्हती, आतून एक आणि बाहेरून एक अशा दगडांच्या दोन रांगा होत्या आणि मध्ये मातीत भरलेले बारके दगड. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छप्पर. गळतं म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचे थर चढत गेले, दीड-दोन फुटांपर्यंत. जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. म्हणजे जीव घेतला तो न बांधलेल्या दगडांनी आणि डोक्यावरच्या ओझ्यानं.

तुझं घर असं बांध. एकच मजला. पाया काळ्या मातीत अजिबात नको, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. खाली पक्का मुरूम लागेपर्यंत खोद. भिंतीला दाबून केलेल्या मातीच्या विटा वापर. त्यांना मुरमाड, वाळूचा अंश असलेली माती लागते, शेतातली काळी चालत नाही. त्यात पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबतात आणि तीन-चार आठवडे ओल्या ठेवतात, भट्टी लागत नाही. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असा तीन ठिकाणी लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा घराभोवती सलग फिरला पाहिजे, आणि कोपऱ्यांत उभ्या सळया. दारं-खिडक्या कोपऱ्याला चिकटवून काढायच्या नाहीत. छप्पर हलकं. आणि नकाशावर भूकंपरोधक बांधकाम जाणणाऱ्या इंजिनिअरची सही घे, गवंडी कितीही ओळखीचा असला तरी. किल्लारीच्या भागात पुनर्वसनात काम केलेले गवंडी अजून सापडतात. त्यांच्यातला एखादा घरी आण आणि वडिलांना त्याच्याशी बोलू दे. तुझ्या-माझ्या बोलण्यापेक्षा त्याचं ते ऐकतील.

मे महिन्याच्या उन्हावर मातीच्या भिंतीइतकाच जोर सावलीवर दे. पश्चिमेला आठ फुटांची ओसरी, तिच्यापुढे लिंब किंवा करंज. छपराला दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात. ४२ अंशांच्या दुपारी चुना दिलेल्या गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं, शेजारच्या काळ्या गच्चीवर पाय ठेववत नाही.

या निमित्तानं जुन्या माळवदात राहणाऱ्यांना विनंती: या उन्हाळ्यात वरची जास्तीची माती उतरवून घ्या. गळतीवर नवा थर चढवू नका. चार मजूर आणि थोडे दिवस लागतील, बाकी काही नको.

आमचे हे म्हणतात, शेताच्या पार टोकाला, नाल्यापलीकडे घर बांधू. सगळं आपलं आपण करू, गावाशी संबंधच नको. मला दोन लहान लेकरं आहेत. मला भीती वाटते, पण ‘तू घाबरट आहेस’ म्हणतात.
– एक वाचक, भूम

माय, तू घाबरट नाहीस. टोकावरच्या घराचा भार कुणावर पडतो हे तुला दिसतंय. पाणी शेंदणं, चुलीचं जळण, आजारी लेकराला घेऊन चिखलातून चालणं, हे बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. मी वस्तीवर राहते ते शेजारच्या वस्तीवर हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर, आणि तेवढं अंतर मला फार मोलाचं वाटतं. पंप अडला की शेजारी येतो, त्यांची म्हैस अडली की आम्ही जातो.

त्यांच्याशी भांडू नकोस, तीन गोष्टी मात्र आधी ठरवून घे. पहिली, घर नाल्याच्या गावाकडच्या बाजूला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पलीकडचं घर बेट होतं, आणि रात्री साप चावला तर १०८ ची गाडी नाल्याच्या अलीकडेच उभी राहते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, चिरायचं-चोखायचं नाही, हलू न देता थेट दवाखान्यात न्यायचं, हे त्यांनाही वाचून दाखव. दुसरी, घरापासून गाडीरस्त्यापर्यंत मुरूम टाकायचे पैसे बांधकामाच्या खर्चातच धर, ‘नंतर बघू’ म्हटलेला रस्ता कधी होत नाही. तिसरी, संडास घराला लागून हवा, दोन खड्ड्यांचा, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं, पहिला दोन वर्षं झाकून ठेवला की त्यात नुसतं खत उरतं. सांडपाण्याला वेगळा शोषखड्डा घे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असे खड्डे घेऊन गटारं आणि डास हटवले, ते दोघांनी मिळून एकदा बघून या. जमीन काळी असेल तर खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागेल, नाहीतर पाणी जिरणार नाही.

जागा नक्की झाली की तिचा उतार, नाला आणि रस्ता दाखवणारं हातानं काढलेलं चित्र मला पाठव. टाकी कुठे घ्यायची ते मी त्यावर खूण करून परत पाठवते.